शेगडीवरचे छत आणि प्लॅस्टिकचा कागद

पावसाळ्यात भुशी धरणाच्या वाटेवर प्लॅस्टिकच्या कागदाखाली शेगडी धगधगत असते आणि तिच्यावर मक्याची कणसे भाजली जातात. याच मावळ तालुक्यात तळेगावच्या परिसरातील गुलाबाच्या हरितगृहांवरही पॉलिथिनचेच आच्छादन असते. त्याची जाडी सामान्यतः २०० मायक्रॉन. पॉलिथिन पेटले की वितळून गळते आणि खाली असेल त्यालाही पेटविते. शिवाय उन्हातील अतिनील किरणांनी ते ठिसूळ होते.

ज्योतीस आवर घालणारी द्रव्ये आहेत. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड तापले असता पाणी सोडते. परंतु ते निम्म्याच्या आसपास मिसळावे लागते आणि कागदाची पारदर्शकताच नाहीशी होते. ब्रोमीनयुक्त संयुगे थोडी पुरतात. अडचण अशी की, उन्हापासून संरक्षण देणारी अमाइन वर्गातील स्थिरके अल्कधर्मी असतात आणि ब्रोमीन संयुगांतून सुटणारे आम्ल त्यांना निकामी करते. एक रक्षक दुसऱ्याचा घात करतो! गुलाबावरील भुरीसाठी वापरलेले गंधकही या स्थिरकांना असेच मारक ठरते.

यावर तोड म्हणून अल्कॉक्सी-अमाइन वर्गातील संयुगे पुढे आली. त्यांची अल्कधर्मिता अल्प असते, आणि पातळ कागदात ज्योत रोखण्याचे कामही तीच करतात. अर्थात ज्वालारोधक कागद म्हणजे न जळणारा कागद नव्हे. तो पेट घेण्यास विलंब लावतो, इतकेच. जोडीला जस्त ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण मिसळता येतात. दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीहून (४०० ते ७०० नॅनोमीटर) ते पुष्कळ लहान असल्याने कागद पारदर्शक राहतो, अतिनील किरण मात्र अडतात. तांबड्या गुलाबाच्या पाकळ्या काळवंडण्याचे प्रमाणही त्यामुळे घटते.