जुना संगणक, जुनी पडदा-व्यवस्था आणि आपली जबाबदारी



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० च्या नियमित सुरक्षा-दुरुस्त्या थांबल्या. तेव्हापासून सोलापुरातील मंडळीचे अनेक सभासद मला विचारतात, “आमचा जुना संगणक वसतिगृहातील मुलांच्या उपयोगी पडेल का?” पडेल, पण तो कशावर चालतो, हे समजून घेऊ या.

ही व्यवस्था कोणती?

अशा संगणकावर आम्ही लिनक्स आणि एक्सएफसीई किंवा एलएक्सडीई हा हलका डेस्कटॉप घालतो. त्याखाली बहुधा एक्स विंडो सिस्टिम असते. खिडक्या पडद्यावर दाखवणे आणि कळफलक-माऊसचा संदेश योग्य प्रोग्रॅमला पोहोचवणे, हे तिचे काम. १९८४ साली ती अमेरिकेतील एमआयटी येथे सुरू झाली. आजही चालणारी एक्स ११ ही आवृत्ती १९८७ ची आहे.

आपल्या राज्यातील मुलांनीही ती वापरली आहे. २००७ साली रायगड जिल्ह्यातील खैराट येथील एकशिक्षकी शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ प्रकल्पाचे लॅपटॉप आले. त्यांत अवघी २५६ एमबी मेमरी होती, आणि पडदा याच व्यवस्थेवर चालत असे.

तिच्यातील उणीव

एक्समध्ये एका वेळी चालणारे प्रोग्रॅम एकमेकांपासून अलग नसतात. एखादा खोडसाळ प्रोग्रॅम शिरला, तर दुसऱ्या खिडकीत टाइप केलेला पासवर्ड तो वाचू शकतो, पडद्याचे चित्रही घेऊ शकतो. २००८ साली सुरू झालेली वेलँड ही नवी व्यवस्था प्रोग्रॅमना अलग ठेवते.

मग जुनीच का?

मोठे डेस्कटॉप वेलँडकडे वळले आहेत. सप्टेंबर २०२५ मधील ग्नोम ४९ मध्ये एक्सचा पर्याय मुळातच बंद ठेवलेला आहे. हलके डेस्कटॉप मात्र मोजक्या स्वयंसेवकांच्या श्रमावर उभे आहेत. एलएक्सडीईच्या खिडक्या सांभाळणारा ओपनबॉक्स केवळ एक्ससाठी लिहिलेला आहे. एक्सएफसीईच्या डिसेंबर २०२४ मधील ४.२० आवृत्तीत वेलँडची सोय आली, पण प्रायोगिक म्हणून. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये एक्स आहे. म्हणून आज घातलेली व्यवस्था आणखी काही वर्षे निभावेल, कायमची नव्हे.

आपण काय करावे?

पारधी वस्तीवरून आलेले मूल पुष्कळदा घरातले पहिलेच शिकणारे असते. त्याच्या शिष्यवृत्तीच्या खात्याचा पासवर्ड चोरीला गेला, तर पैसा जाईलच. शाळेवर कष्टाने बसलेला घरच्यांचा विश्वासही जाईल. म्हणून तीन नियम पाळावेत :

१. जुने संगणक मराठी टाइपिंग, गणित आणि वाचन यांसाठी वापरावेत. शिष्यवृत्ती, बँक व आधारची कामे कार्यालयातील सुरक्षित संगणकावरच करावीत.

२. प्रोग्रॅम लिनक्सच्या स्वतःच्या भांडारातूनच घ्यावेत. कोणाच्या पेनड्राइव्हवरून काहीही घालू नये.

३. दुरुस्त्या नियमित घ्याव्यात आणि त्या कधी थांबणार, ती तारीख संगणकावर चिकटवून ठेवावी.

विचारासाठी प्रश्न

• दान दिलेल्या वस्तूची पुढची देखभाल कोणी करायची?

• आपल्या मुलांच्या संगणकावर आपण जे चालवू देणार नाही, ते वसतिगृहातील मुलांसाठी चालेल का?