मागच्याला बघून उडी मारा

नव्वदच्या दशकात बेळगावच्या वडगावात आम्ही तिघं भावंडं वाढलो: दादा, मी आणि धाकटा. भोवती पॉवरलूमचा खडखडाट, घरात एकच टीव्ही, आणि सुट्टी लागली की निपाणीला आजोळी. एकमेकांशी कसं वागायचं हे आम्ही बरंचसं त्या टीव्हीला जोडलेल्या व्हिडिओ गेमसमोर शिकलो, असं मी आज पूर्ण जबाबदारीनं म्हणते. निन्टेन्डोनं १९८३ साली जपानमध्ये काढलेल्या फॅमिकॉमच्या धर्तीची यंत्रं तेव्हा समुराई, लिटल मास्टर, टर्मिनेटर अशा नावांनी आपल्याकडे मिळत. कॅसेट खोचायची, चॅनेल जुळवायचा, दोन रिमोट दोघांनी धरायचे. कॅसेटवर हजारो गेमचा आकडा छापलेला असे. खरे गेम मोजकेच असत, तेच पुन्हा पुन्हा येत. त्यामुळे ते तोंडपाठ झाले, आणि त्यांच्यासोबत आम्ही एकमेकांनाही ओळखू लागलो. त्यातून हाती लागलेलं इथं मांडते.

१. ज्याच्या हातात स्टार्टचं बटण, त्यानं दुसऱ्याचं ऐकावं

मूळ फॅमिकॉमच्या दुसऱ्या रिमोटला स्टार्ट आणि सिलेक्ट ही बटणं नव्हती. आमच्या यंत्राचंही तसंच होतं. म्हणजे गेम थांबवणं पहिल्या रिमोटवाल्याच्याच हातात. पहिला रिमोट बहुतेक वेळा दादाकडे असे. आईनं नियम घातला: धाकट्यानं ‘थांबव’ म्हटलं की लगेच थांबवायचं, कारण विचारायचं नाही. त्याला पाणी प्यायचं असेल, हात दुखत असेल किंवा नुसती भीती वाटली असेल, तरी गेम थांबे. घरात मोठं असणं म्हणजे काय, हे दादा त्या एका बटणावर शिकला. आजही घरातला कोणताही मोठा निर्णय तो धाकट्याला विचारल्याशिवाय घेत नाही. जमिनीची वाटणी असो वा आईचं ऑपरेशन, ‘थांब जरा’ म्हणण्याचा अधिकार आमच्याकडे सगळ्यांत लहानालाही आहे.

२. बसून बघणं हेही शिकणंच असतं

रिमोट दोन आणि माणसं तीन, त्यामुळे एकाला नेहमी बसून राहावं लागे. १९८५ च्या सुपर मारिओमध्ये तर दोघांपैकीही एकच जण खेळतो. मारिओचा जीव गेला की मगच लुईजीची पाळी. धाकट्याला पाळी उशिरा मिळे, पण तो डोळ्यांत तेल घालून बघत बसे. पहिल्या जगाच्या दुसऱ्या टप्प्यात छताच्या वर चढून शेवटपर्यंत चालत गेलं, की दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या जगाचे पाइप लागतात. आमच्या घरात हे पहिल्यांदा त्याच्या लक्षात आलं. खेळणाऱ्याचं लक्ष पायाखाली असतं, बघणाऱ्याला सगळा पडदा दिसतो. म्हणून बसलेल्याचं ऐकायचं असं ठरलं, आणि पाळीची वाट बघणं त्याला जड जाईना. मुलाला नुसतं ‘गप्प बस, तुझी पाळी यायचीय’ म्हणू नये. ‘तुला काय दिसतंय ते सांग’ म्हणावं.

३. पुढे गेलेल्यानं मागच्यासाठी थांबावं

सगळ्यांत मोठा धडा मला कॉन्ट्रानं दिला. कोनामीचा हा गेम १९८७ साली आला. त्यात दोघं एकाच वेळी, एकाच पडद्यावर, खांद्याला खांदा लावून लढतात. तिसरा टप्पा धबधब्याचा. खडकांवर उड्या मारत वर चढायचं, आणि पुढचा जसा वर जाईल तसा पडदा वर सरकतो. मागे राहिलेल्याच्या पायाखालचा खडक पडद्याबाहेर जातो आणि त्याचा जीव जातो. शत्रूची गोळी लागलेली नसते. जोडीदार पुढे गेला, एवढंच कारण.

दादाची बोटं चपळ, धाकट्याची लहान. दादानं आपल्या वेगानं उड्या मारल्या की धाकटा मेलाच. म्हणून धाकट्यानं आधी उडी मारायची, तो नीट उभा राहिला की मग दादानं, अशी रीत बसली. दादा खालून गोळ्या झाडून त्याची वाट मोकळी करी. वेग कमी झाला, पण दोघं वर पोचू लागले.

पुढं दादा नोकरीसाठी पुण्याला गेला. सीमाभागातल्या कितीतरी मराठी घरांत थोरला असाच आधी पुण्या-मुंबईला जातो. धाकट्याचं शिक्षण होईपर्यंत त्यानं मोठं घर घेतलं नाही. दोन खाटांच्या खोलीतच राहिला, आणि धाकटा आला तेव्हा दुसरी खाट त्याला दिली. त्याला नोकरी लागेपर्यंत स्वयंपाक, भाडं, अर्जांचे पैसे सगळं दादानं बघितलं. थोरल्याचा वेग हा घराचा वेग असतो. तो मागं बघून चालला तरच सगळे वर येतात.

४. आपल्याजवळचं देता आलं पाहिजे, आणि मागायची लाज नको

कॉन्ट्रामध्ये एकाचे सगळे जीव संपले तर त्याला एक बटण दाबून जोडीदाराच्या साठ्यातला जीव घेता येतो. पहिल्या पडद्यावर वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए अशी बटणं दाबली की प्रत्येकाला तीस जीव मिळतात. कोनामीच्या काझुहिसा हाशिमोटो यांनी ही खूण मुळात १९८६ च्या ग्रॅडियस या गेमसाठी घातली होती. आमच्याकडे ती निपाणीच्या मामेभावाच्या वहीच्या मागच्या पानावरून आली. पुढं ती आमच्या गल्लीत सगळ्यांना पाठ झाली, कारण त्यानं ती लपवली नाही आणि आम्हीही नाही.

जीव घेताना विचारायचं, आणि विचारलं तर नाही म्हणायचं नाही, एवढाच आमचा करार होता. मोठेपणी भावंडांत उसने पैसे मागणं फार अवघड होतं. आम्हाला ते तेवढं अवघड गेलं नाही. माझ्या लग्नानंतर एक काळ फार ओढाताणीचा होता, तेव्हा मी धाकट्याला फोन केला. त्यानं रक्कम विचारली, कारण विचारलं नाही.

५. एकानं घर राखावं, आणि खेळता न येणाऱ्यालाही काम द्यावं

नामकोचा १९८५ चा बॅटल सिटी, म्हणजे आमचा ‘रणगाड्यांचा गेम’. खाली मध्यभागी विटांच्या आड गरुड. एका टप्प्यात शत्रूचे वीस रणगाडे. गरुडाला एक गोळी लागली की सगळं संपलं, आणि ती गोळी आपली स्वतःची असली तरीही. दोघंही मारायला पुढे धावले की गरुड उघडा पडतो. म्हणून एकानं पुढे जायचं, एकानं मागे थांबायचं, आणि पुढच्या टप्प्यात कामं बदलायची.

निपाणीला आज्जी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत आमच्या मागे बसे. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं, त्यामुळे हात थांबत नसत, पण नजर पडद्यावर असे. तिनं रिमोट कधी धरला नाही. गरुडाला ती ‘घर’ म्हणे. आम्ही लढण्यात गुंतलो की ती ओरडे, “अगं, घराकडं बघ की! डावीकडनं आला बघ!” तिच्या आवाजावर आम्ही कितीतरी टप्पे जिंकलो. त्या सुट्ट्यांत आज्जी आमच्यातलीच एक खेळाडू होती, आणि तिच्याशी बोलायला आम्हाला विषय शोधावा लागला नाही.

आता धाकटा परत येऊन आईजवळ बेळगावात राहतो. दादा आणि मी बाहेर कमावतो. घर राखणाऱ्याचं काम पुढे लढणाऱ्यापेक्षा कमी नाही, हे आम्हाला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

६. शेजाऱ्याच्या मुलालाही रिमोट द्यावा

बेळगावात १ नोव्हेंबर दोन प्रकारे येतो. राज्योत्सव साजरा होतो, आणि मराठी भाषक काळा दिवस पाळतात. १९५६ साली हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. १९६७ च्या महाजन आयोगाच्या अहवालानं वाद मिटला नाही, आणि २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. आमचं घर काळ्या दिवसाच्या सायकल फेरीला जाणारं. शेजारचं घर कन्नड. फेरीहून बाबा परत येत, तेव्हा शेजारचा मुलगा आमच्या टीव्हीसमोर बसलेला असे. तो “अक्का, बेग बा!” म्हणून मला पुढे बोलवी, दादा मराठीत सूचना देई, आणि सगळ्यांना सगळं कळे. बाबांनी त्याला कधी उठवलं नाही. आपली भाषा आणि आपला हक्क यांवरचा विश्वास मी बाबांकडून घेतला, आणि तो सोडलेला नाही. शेजारच्या मुलाला आपल्यातला मानणंही मी त्याच खोलीत, त्याच बाबांकडून शिकले.

७. मुलीचा रिमोट तिच्याच हातात राहू द्यावा

निपाणीला एका दुकानात नाणं टाकून खेळायचं मोठं यंत्र होतं. त्यावर कॅपकॉमचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, म्हणजे आपल्याकडे सगळे ज्याला ‘मुस्तफा’ म्हणतात तो गेम. तिघांना एकत्र खेळता येणारा, त्यामुळे आमच्यासाठीच केल्यासारखा. तिथं सगळी मुलंच असत. मामा मला हात धरून घेऊन गेला आणि माझ्यामागे उभा राहिला. मी हॅना घेई, दादा मुस्तफा. वाटेत खाण्याचा तुकडा सापडला की ज्याची ताकद सगळ्यांत कमी त्यानं तो उचलायचा. आपण कुणाच्या मागे मागे खेळत नाही, बरोबरीनं खेळतो, ही भावना मला त्या दुकानात पहिल्यांदा झाली. भाऊ आणि मामा पाठीशी उभे राहिले की मुलीला जगात शिरणं सोपं जातं.

८. भांडणाला घाबरू नये, पण रिसेट कुणी दाबू नये

भांडणं झाली, खूप झाली. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठातील सेरा कॉयन आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली किशोरवयीन मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. भावंडांसोबत व्हिडिओ गेम खेळणाऱ्या मुलग्यांत आणि मुलींत भावंडांविषयीची माया अधिक दिसली, आणि मुलग्यांत भांडणंही अधिक दिसली. आमच्या घराचं हेच चित्र होतं. रागाच्या भरात रिसेट दाबायचं नाही, एवढी एकच सक्त मनाई होती, कारण तो डाव तिघांचा असे. करंट गेला तर मात्र इलाज नव्हता. त्या गेममध्ये काही साठवून ठेवायची सोय नव्हती, सगळं पहिल्यापासून. पण करंट आला की आम्ही पुन्हा एकत्रच बसत असू.

आजच्या घरांसाठी

आता प्रत्येक मुलाच्या हातात वेगळा मोबाइल आहे. एकाच खोलीत तीन भावंडं तीन अनोळखी लोकांशी खेळत असतात. पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांना २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं बंदी घातली, ते योग्यच झालं. पण उरलेल्या खेळांतून काय निवडायचं हे घरानंच ठरवायला हवं. एकाच पडद्यावर दोघांनी मिळून खेळायचे गेम आजही निघतात. २०२१ चा इट टेक्स टू तर एकट्याला खेळताच येत नाही, आणि त्याच वर्षी गेम अवॉर्ड्समध्ये तो सर्वोत्कृष्ट ठरला. दिवाळीत किल्ला झाला की मुलांना एका टीव्हीसमोर बसवा. पाळ्या आधी ठरवा, मुलींची पाळी कुणालाही देऊ नका, आजीला मागे बसवून नजर ठेवायला सांगा. आणि एक पाळी तुम्ही स्वतः घ्या. मोठ्या मुलाला एवढंच सांगा: धाकटं वर पोचलं की मग उडी मार.