एकच नाकपुडी चोंदते तेव्हा

नाक चोंदणं हे आपल्याकडे दुखणं मानतच नाहीत. वाफ घ्यायची, थेंब टाकायचे, 'सायनस आहे' म्हणायचं. दोन्ही नाकपुड्या आळीपाळीने चोंदत असतील तर बहुतेकदा ते खपूनही जातं. पण एकच नाकपुडी आठवडेच्या आठवडे बंद आणि तिच्यातूनच वरचेवर रक्त, हे मी सर्दीच्या खात्यात टाकणार नाही. ॲलर्जीचे पॉलिप बहुधा दोन्हीकडे असतात. एकाच बाजूला मांस वाढलं तर संशय घ्यावा. सुतारकामात आयुष्य गेलेल्यांनी तर जास्तच, कारण लाकडाचा भुसा हे नाकाच्या कर्करोगाचं सिद्ध कारण आहे. नाकाचं हाड कितीतरी जणांचं वाकडं असतं, मग सगळ्यांचे स्कॅन काढायचे का, असं कुणी विचारेल. मुळीच नको. कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या खुर्चीतच काही मिनिटांत दुर्बिणीने तपासणी होते.

आत गाठ दिसली तरी लगेच तुकडा काढायची घाई नको. आधी सीटी, लागला तर एमआरआय. वयात येणाऱ्या मुलात ती अँजिओफायब्रोमा असू शकते. हा कर्करोग नव्हे, पण गाठ रक्तवाहिन्यांनी इतकी भरलेली की साध्या चिमट्यानेही रक्त आवरेनासं होतं. तिचं निदान सहसा स्कॅनवरच होतं. कधी तो गोळा म्हणजे खाली उतरलेला मेंदूचाच भाग निघतो.

'तुकडा काढला की कॅन्सर पसरतो' ही भीती मात्र सोडावी. त्या भीतीपोटी बायोप्सी टाळली तर उपचार अंदाजाने होतील. आणि उपचार तर गाठीगणिक वेगळे: लिम्फोमाला, म्हणजे लसीका पेशींच्या कर्करोगाला, मोठं ऑपरेशन लागत नाही, केमो आणि रेडिएशनवर भर असतो. १९२४ साली प्रथम वर्णन झालेल्या, वासाच्या पेशींतून उगवणाऱ्या न्यूरोब्लास्टोमाला बहुधा ऑपरेशन आणि मागोमाग रेडिएशन लागतं. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींच्या पेशी लहान, गोल, गडद निळ्या. फरक कळायला इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे पेशींतली प्रथिनं रंगवून ओळखणारी तपासणी, करावी लागते. म्हणून अशा गाठी नेहमी पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टचं दुसरं मत घ्या. त्याकरता स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक रुग्णालयाकडे मागायचे. पॉलिप म्हणून काढलेलं मांसही तपासणीला जावं, डावं-उजवं वेगळ्या डब्यांत. न्यूरोब्लास्टोमा दहा वर्षांनीही उलटू शकतो. तेव्हा जुने स्कॅन रद्दीत घालू नका.