मुरबाडचे गुंठे की आसनगावचा फ्लॅट?

प्रश्न : आम्ही डोंबिवलीत भाड्याने राहतो, नोकरी भायखळ्याला. मुरबाडजवळ २ गुंठे शेतजमीन ९ लाखांत मिळते आहे. सातबारा सामायिक राहील, पण ‘नोटरी करून देतो’ असं एजंट म्हणतो. दुसरीकडे आसनगावला २४ लाखांचा वन बीएचके बघितला आहे. काय घ्यावं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : गुंठे घेऊ नका. नोटरीच्या कागदाने जमीन तुमची होत नाही, त्याला नोंदणीकृत खरेदीखतच लागतं. तुकडेबंदी कायद्यात जिरायतीला किमान २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे क्षेत्र ठरलेलं आहे, म्हणून तर एजंट नोटरीवर भागवतो आहे. त्यात तुम्ही शेतकरी नसाल, तर कुळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं. २०२५ मध्ये तुकडेबंदीत मिळालेली सवलत एजंट ऐकवेल. ती शेती झोनमधल्या गुंठ्याला लागू नाही.

आसनगाव ज्यात येतं तो शहापूर तालुका अख्खा अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाडचाही काही भाग आहे. त्यामुळे या पट्ट्यात सातबाऱ्यावर मालकाच्या नावाआधी ‘इतर हक्क’ वाचायची सवय लावा. आदिवासी जमिनीचा ३६ अ चा शेरा, भोगवटादार वर्ग २, ‘खाजगी वन’ यांपैकी एकही दिसलं तर सरळ माघारी फिरा.

फ्लॅटचं गणित वेगळं. महारेरा क्रमांक संकेतस्थळावर स्वतः तपासा. करार नोंदवण्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला मागता येत नाही. घर पत्नीच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात १ टक्का वाचेल. १८ लाखांचं कर्ज ८.५ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता सुमारे १५,६०० रुपये येतो.

पण हप्ता झेपला म्हणजे घर झेपलं असं नाही. आसनगाव ते सीएसएमटी सुमारे ८५ किलोमीटर, आणि कल्याणच्या पुढे लोकल मोजक्याच. भायखळ्याहून रात्री उशिरा सुटत असाल, तर शेवटच्या गाडीची वेळ आधी बघा. जमलं तर तिथेच चार-सहा महिने भाड्याने राहून पाहा.

राहिलं पाणी. तानसा आणि भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणं शहापुरातच, तरी उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकर फिरतात. धरण उशाला, कोरड घशाला! म्हणून फ्लॅट बघायला मे महिन्यात जा आणि पाण्याचं बिल्डरला विचारू नका, शेजारच्या इमारतीतल्या बायकांना विचारा.