पहाटेचा फुलबाजार आणि हातातला कॅमेरा

प्रश्न : ऑनलाइन ओळख झालेले आम्ही सहा जण पहाटे दादरच्या फुलबाजारात फोटो काढायला भेटणार आहोत. काय काळजी घ्यावी?

उत्तर : जरूर जा. झेंडूच्या ढिगांवर पडलेला बल्बचा पिवळा उजेड उजाडल्यावर मिळत नाही. पहिली भेट मात्र स्टेशनाबाहेर, चार माणसांत ठेवा. जागा आणि परतायची वेळ घरी सांगून निघा. गर्दीत कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला गुंडाळा, बॅग पोटाशी घ्या. लेन्स बदलायची तर भिंतीला पाठ लावून, सोबत्याला शेजारी उभं करून. डोक्यावर पाटी घेतलेल्या हमालाची वाट कधीही अडवू नका. तुमच्या एका फोटोपायी त्याचा माल सांडायला नको. हार ओवणाऱ्या मावशींना आधी विचारा. नको म्हणाल्या, तर कॅमेरा लगेच खाली. काही अडचण आलीच, तर ११२ लावा.