साडेबारा हजार किलोमीटरच्या पुढचे दोन तास

मुंबई ते न्यूअर्क हे विमानमार्गाचं अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. थेट विमान जाताना साडेपंधरा-सोळा तास घेतं. येताना पश्चिमेकडून पूर्वेला वाहणारे उंचावरचे जोरदार वारे पाठीशी असतात, त्यामुळे वेळ बराच वाचतो. मार्गातल्या एखाद्या देशाने आकाश बंद केलं की वळसा पडतो; एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना मनाई केली तेव्हा तेच झालं.

हे सगळं मोबाइलवर सापडतं. उतरल्यानंतरचे दोन तास मात्र त्यात नसतात.

आईला घेऊन अमेरिकेतल्या रॅली शहरात बहिणीकडे निघालो होतो. न्यूअर्कला विमान बदलायचं, मध्ये पावणेदोन तास. "भरपूर वेळ आहे," एजंट म्हणाला. कंपन्यांच्या नियमात ते बसतंही. सकाळी साडेसातला विमान अगदी वेळेवर उतरलं. आईला व्हीलचेअर हवी, म्हणून सगळे उतरेपर्यंत आम्ही बसून. मग इमिग्रेशनची लांबलचक रांग. अमेरिकेत पहिल्यांदा जिथे उतरता तिथेच हे सोपस्कार होतात. बॅगांवर शेवटच्या शहराचा टॅग असला तरी त्या पट्ट्यावरून उचलायच्या, कस्टममधून न्यायच्या आणि पुन्हा जमा करायच्या. आमच्या बॅगेतली भाजणी आणि मेतकूट उघडून दाखवावं लागलं. पुढे टर्मिनल बदलायचं, परत सुरक्षा तपासणी. गेटपाशी पोचलो तर दार बंद. आईच्या मनगटावरच्या घड्याळात अजून भारतातली वेळ होती, संध्याकाळचे सात. म्हणजे तिच्या इन्सुलिनची वेळ जवळ आलेली, आणि जेवणाचा पत्ता नाही.

दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगवर होती, म्हणून कंपनीने संध्याकाळच्या विमानात जागा दिली. स्वस्त पडतं म्हणून वेगवेगळी तिकिटं काढली असती, तर नवं तिकीट स्वतःच्या खिशातून घ्यावं लागलं असतं. वयस्क माणसांसाठी तसली बचत कृपा करून करू नका. दोन विमानांमध्ये निदान चार तास ठेवा, व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा.

तारीखही नीट वाचा. १५ तारखेला रात्री सव्वाला सुटणाऱ्या विमानासाठी १४ च्या रात्रीच विमानतळावर हजर राहावं लागतं. तिकिटावर दोन्हीकडच्या स्थानिक वेळा असतात. सव्वाला निघून साडेसातला पोचणार म्हणजे सहा तासांचा प्रवास नव्हे. न्यूअर्क उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा.

इन्सुलिन आणि गोळ्या हातातल्याच पिशवीत ठेवा, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. कोणता डोस कुठल्या घड्याळाप्रमाणे घ्यायचा, तेही निघण्याआधी त्यांच्याकडूनच लिहून घ्या. पिशवीत थोडा कोरडा खाऊही असू द्या.