घरातल्या वायफायचे दोन पासवर्ड

पालकसभेत मुलांच्या मोबाइलचा विषय निघाला की एखादी आई हमखास म्हणते, "आमच्याकडे वायफायचं सगळं तोच बघतो, आम्हाला काही कळत नाही." बोलण्यात लेकाचं कौतुक असतं आणि ते रास्तही आहे. पण शाळेत संगणक शिकवताना हे वाक्य पुन्हा पुन्हा कानावर येतं आणि मला काळजी वाटते. मुलावर अविश्वास आहे म्हणून नव्हे. 'रात्री दहानंतर नेट बंद' असं आपण बजावतो आणि ते बंद कसं करायचं हे त्यालाच विचारतो. असा नियम मूल कशाला पाळेल?

आधी वायफायच्या त्या खोक्याची ओळख करून घेऊ. खिडकीतून आत आलेली बारीक वायर म्हणजे फायबर. तिच्यातून इंटरनेट प्रकाशाच्या रूपात येतं. ती ज्या खोक्याला जोडलेली असते ते बहुतेक घरांत दोन कामं करतं: प्रकाशाचं विजेच्या संकेतांत रूपांतर करतं आणि आलेलं इंटरनेट घरातल्या फोन, टीव्ही, लॅपटॉपना वाटून देतं. वाटून देणारा तो राउटर. काही घरांत ही दोन खोकी वेगळी असतात. वायफाय म्हणजे राउटरपासून तुमच्या फोनपर्यंतचा बिनतारी टप्पा, एवढंच. त्यामुळे फोनवर वायफायच्या सगळ्या रेघा भरलेल्या दिसतात आणि तरी काही उघडत नाही, तेव्हा वायफाय ठीक असतं, बाहेरून येणारं इंटरनेट थांबलेलं असतं. खोक्यावर 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल झाला असेल तर बाहेरची फायबर तुटली आहे किंवा निसटली आहे. मग दहा वेळा बंद-चालू करून उपयोग नाही, केबलवाल्याला फोन करायचा. ऑनलाइन परीक्षेच्या सकाळी हा एक दिवा ओळखता आला तरी घरातली निम्मी आरडाओरड वाचते.

फोनमध्ये तुमच्याच वायफायची दोन नावं दिसत असतील, एकाच्या शेवटी ५जी असलेलं. त्याचा मोबाइलच्या ५जीशी काही संबंध नाही, ते ५ गिगाहर्ट्झ आहे. दुसरं २.४ गिगाहर्ट्झचं. ५ वाला वेगवान, पण भिंतीपलीकडे लवकर दमतो. २.४ वाला लांब पोचतो, पण सोसायटीत शेजारपाजारच्या सगळ्यांची त्यावर गर्दी असते आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात चालतो. मुलाची अभ्यासाची खोली दोन भिंतींपलीकडे असेल तर तिथे २.४ लावून बघा. आणि राउटर टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी कपाटावर कोंबलेला असेल तर आधी तो मोकळ्या, उंच जागी आणा. जास्त पैशांचा प्लॅन घेण्याआधी हे करून बघाच.

आता मुख्य गोष्ट. घरात पासवर्ड दोन असतात आणि बहुतेक पालकांना एकच ठाऊक असतो. पहिला वायफायला जोडून घेण्याचा, जो आपण पाहुण्यांनाही सांगतो. दुसरा खुद्द राउटरचा. राउटर उलटा करून पाहा, खाली स्टिकर असतं. त्यावर १९२.१६८.१.१ किंवा असाच एक पत्ता, युजरनेम आणि पासवर्ड छापलेला असतो. घरच्या वायफायला जोडलेल्या फोनच्या ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकला की राउटरचं पान उघडतं. कोणकोणती उपकरणं जोडलेली आहेत, कुणाला किती वाजता बंद, वायफायचा पासवर्ड काय, सगळं तिथून ठरतं. जोडणी करायला आलेला मुलगा घाईत असतो. तो वायफायचा पासवर्ड म्हणून तुमचाच मोबाइल नंबर टाकतो, राउटरचा पासवर्ड बऱ्याचदा मूळचाच ठेवतो आणि निघून जातो. म्हणजे ज्याला तुमचा नंबर माहीत, तो तुमच्या इंटरनेटवर. जोडणी तुमच्या नावावर आहे. तिच्यावरून कुणी काही गैरप्रकार केला, तर चौकशी आधी तुमच्या दारात येते.

म्हणून एका रविवारी मुलाला शेजारी बसवा आणि दोन्ही पासवर्ड बदला. त्याला करू द्या, तुम्ही बघा, विचारा. सुरक्षेच्या रकान्यात डब्ल्यूपीए ३ असेल तर ते निवडा. घरातलं जुनं उपकरण त्यावर जोडलं जात नसेल तर डब्ल्यूपीए २. डब्ल्यूईपी मात्र नको, ते फार पूर्वीच फोडलं गेलं आहे. 'गेस्ट नेटवर्क' दिसलं तर सुरू करा. मुलाचे मित्र, पाहुणे त्यावर, म्हणजे घरचा पासवर्ड गावभर होत नाही. जोडलेल्या उपकरणांची यादी उघडून आजीचा फोन, ताईचा लॅपटॉप, टीव्ही अशी नावं द्या. बसल्या बसल्या हा फोन कुणाचा, हा टॅब कुठला, असं बोलणं निघतं. वयात येणाऱ्या मुलाशी असं सहज बोलणं किती दुर्मीळ होतं, हे तुम्ही जाणताच.

पेरेंटल कंट्रोलबद्दल तुम्ही हमखास विचारता. राउटर प्रत्येक उपकरणाला मॅक अ‍ॅड्रेस नावाच्या क्रमांकावरून ओळखतो आणि वेळेची बंधनं त्या क्रमांकावर लागतात. पण २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन खरा क्रमांक झाकून वेगळाच देतात. फोनमधला एक पर्याय बदलला की राउटरला तो फोन नवाच वाटतो आणि तुमचं बंधन गळून पडतं. राउटरच्या डीएनएस सेटिंगमध्ये १.१.१.३ टाकलं तर क्लाउडफ्लेअरची मोफत सेवा अश्लील आणि घातक साइट्स बऱ्याच अंशी अडवते. लहान मुलांच्या घरात ते जरूर करा. पण मुलाने मोबाइल डेटा सुरू केला, किंवा मित्राच्या फोनचं हॉटस्पॉट घेतलं, की राउटरचा काही संबंधच उरत नाही. आठवी-नववीतल्या मुलांना हे सगळं माहीत असतं. आपल्यालाही माहीत आहे, हे त्यांना कळू द्या.

"राउटरमधून त्याचे मेसेज वाचता येतील का?" असंही कुणीतरी हळूच विचारतं. नाही. फार तर कोणत्या साइटशी संपर्क झाला हे कळतं, आत काय वाचलं-लिहिलं ते नाही. व्हॉट्सॲपचे मेसेज तर दोन फोनांच्या मधे कुणालाच उघडता येत नाहीत. मला विचाराल तर ते बरंच आहे. चोरून वाचलेलं एक दिवस उघड होतं आणि मग मूल खरोखरच अडचणीत सापडलं की ते आपल्याला सोडून भलत्याच कुणाला तरी सांगतं. शिक्षा म्हणून अख्खा राउटर बंद करणंही मला पटत नाही. ताईची परीक्षा अडते, आजोबांची भजनं थांबतात आणि ज्याला शिक्षा तो हॉटस्पॉटवर निवांत असतो. त्यापेक्षा रात्री सगळ्यांचे फोन, तुमचेसुद्धा, हॉलमध्ये चार्जिंगला लावा.

नवे पासवर्ड कागदावर लिहून ठेवा. तो कागद मुलाच्या दप्तरात नको, रेशनकार्ड आणि लाइटबिलं ठेवता त्या फायलीत असू द्या.